बधिर रुग्णासमोरचा डॉक्टर

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली एल्ड्रिज खटल्याचा निकाल दिला. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात हा निकाल कुणी छापत नाही, पण या विषयाची मांडणी तिथूनच करावी लागते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली एक बधिर स्त्री दिवस भरण्याआधीच जुळ्यांच्या बाळंतपणासाठी रुग्णालयात दाखल झाली. सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता. एका बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले आहेत, हे परिचारिकेने तिला हातवारे करून सांगितले. जन्मताच बाळे तिच्यापासून दूर नेली गेली आणि ती ठीक आहेत एवढे सांगणारी एक चिठ्ठी तिच्या हाती पडली. न्यायालयाने म्हटले की संवाद हा वैद्यकीय सेवेचाच अविभाज्य घटक आहे, आणि दुभाषी न पुरवणे हा समतेच्या हक्काचा भंग आहे.

निकालाने जबाबदारी सरकारवर आणि रुग्णालयावर टाकली, ते योग्यच झाले. पण त्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना असा रुग्ण कसा हाताळायचा हे कुणी शिकवलेच नव्हते, हा प्रश्न खटल्याच्या कक्षेबाहेर राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो: बधिर रुग्णाशी संवाद साधणे हे निदानकौशल्य आहे. नाडी पाहणे, पोट चाचपणे जसे शिकवले जाते आणि परीक्षेत तपासले जाते, तसेच हेही शिकवले आणि तपासले पाहिजे, आणि शिकवणारी माणसे बधिर असली पाहिजेत.

रुग्ण कोण?

2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या भारतीयांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा अधिक श्रवणहानी असेल तर ती व्यक्ती बधिर, आणि 60 ते 70 डेसिबल असेल तर ऐकण्यात दुर्बल. प्रमाणपत्र देण्यासाठी ही मोजणी पुरेशी आहे. ओपीडीत समोर बसलेल्या माणसाशी कसे बोलायचे, हे मात्र डेसिबलवरून कळत नाही. तिथे लागणारे वर्गीकरण वेगळेच आहे, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा तेच द्यावे लागेल.

एक गट जन्मतः किंवा भाषा येण्याआधीच बधिर झालेल्यांचा. शाळेत, वसतिगृहात, बधिरांच्या मंडळात ते भारतीय सांकेतिक भाषा शिकले. ती त्यांची पहिली भाषा. मराठी ही त्यांची दुसरी भाषा, आणि तीही प्रामुख्याने लिहिलेली. दुसरा गट मौखिक पद्धतीने वाढवलेल्यांचा. 1880 च्या मिलान परिषदेने बधिरांच्या शिक्षणातून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याची छाया पुढे शंभर वर्षे जगभरच्या शाळांवर राहिली. व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला तो थेट 2010 मध्ये. आपल्याकडच्या अनेक शाळांतही वर्गात ओठ वाचायचे आणि मैदानावर हातांनी बोलायचे, असा दुहेरी कारभार चालला. या गटातला रुग्ण थोडेफार बोलतो, श्रवणयंत्र लावतो, आणि म्हणूनच त्याला सगळे समजते असा डॉक्टरचा हमखास गैरसमज होतो.

तिसरा गट उतारवयात ऐकू येईनासे झालेल्यांचा, संख्येने सर्वांत मोठा. त्यांना सांकेतिक भाषा येत नाही आणि यायची गरजही नाही. आजोबा विसंगत उत्तरे देतात म्हणून स्मृतिभ्रंशाची शंका घेण्याआधी कानात मळ आहे का पाहावे, समोर बसून सावकाश, किंचित खालच्या पट्टीत बोलावे. ओरडल्याने शब्द अधिक फाटतात. यंत्र जवळ नसेल तर स्टेथोस्कोपची नळी रुग्णाच्या कानात घालून पडद्याच्या बाजूने हळू बोलण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

चौथ्या गटाविषयी परदेशी लेखनात फारसे येत नाही. आपल्याकडे मात्र तो टाळता येणार नाही. खेड्यातला, शाळेचे तोंड न पाहिलेला बधिर माणूस. त्याची भाषा घरापुरती: बहिणीला, आईला, शेजारच्या दोन घरांना कळणाऱ्या खुणा. त्याच्यासाठी शहरातून प्रशिक्षित दुभाषी आणला तरी तो पहिल्या भेटीत अर्धाच उपयोगी पडतो. नातेवाइकाला दुभाषी करू नये हा पाश्चात्त्य पुस्तकांतला नियम इथे जसाच्या तसा लावला, तर रुग्ण मुका होऊन बसेल. इथे बहीण हवीच. मात्र ती सोय आहे, आदर्श नव्हे, आणि तिच्यासमोर विचारता येणार नाहीत असे प्रश्न कोणते याची नोंद केसपेपरवर हवी. शिवाय बधिरांध आहेत: बधिरत्वाबरोबर ज्यांची दृष्टीही जाते, ज्यांच्याशी हातात हात घेऊन बोलावे लागते.

एवढ्या वेगवेगळ्या माणसांसाठी एकच रीत चालत नाही. म्हणून विद्यार्थ्याने पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ असा न विचारता ‘आपण कसं बोलूया?’ असा विचारायला शिकले पाहिजे.

संवाद कुठे तुटतो

ओठांवरून बोलणे वाचता येते ही समजूत डॉक्टरांत फार खोल रुजलेली आहे. ‘पोट’ आणि ‘बोट’ हे दोन शब्द आवाज न काढता आरशासमोर म्हणून पाहावेत. ओठांची हालचाल तंतोतंत एकच आहे. प, फ, ब, भ, म ही सारी अक्षरे डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात. क, ख, ग घशाजवळ उच्चारली जातात, ती दिसतच नाहीत. घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण हा भेद, ज्यावर मराठीचा निम्मा शब्दसंग्रह उभा आहे, ओठांवर उमटत नाही. ओष्ठवाचन करणारा माणूस थोडे पाहतो आणि उरलेले संदर्भावरून जुळवतो. ओळखीच्या विषयावर त्याचे भागते. औषधाचे नाव, मात्रा, आजाराचे नवे नाव यांना संदर्भच नसतो, आणि दवाखान्यात तर नेमके तेच सांगायचे असते. त्यात डॉक्टरच्या तोंडावर मास्क, पाठीमागे उजेडाची खिडकी, नजर संगणकाच्या पडद्यावर.

दुसरा भरवसा कागदावर. भाषा ऐकून मनात मुरते आणि मग लिपीत उतरते, असा बहुसंख्यांचा क्रम आहे. जन्मतः बधिर माणसाला ती वाट बंद असते. त्याला मराठीचे व्याकरण नुसत्या अक्षरांतून शिकावे लागते, तेही बहुधा उशिरा. सांकेतिक भाषेचे व्याकरण निराळे आहे. तिथे प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते आणि हो-नाही प्रश्नाची ओळख भुवया उंचावण्यातून पटते. म्हणून चिठ्ठीवरचे मोडके मराठी पाहून माणसाची बुद्धी जोखणे ही सरळ सरळ निदानातली चूक आहे. लिहायचेच तर एका ओळीत एक गोष्ट, चित्र किंवा घड्याळाची आकृती काढून. एचआयव्ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आल्याचे वाचून ती चांगली बातमी आहे असे बधिर रुग्णांना वाटल्याचे अनुभव या क्षेत्रात वारंवार सांगितले गेले आहेत. शब्दकोशाच्या दृष्टीने त्या रुग्णांचे काही चुकलेले नाही.

याहून खोलवरचा तोटा वेगळाच. ऐकणाऱ्या माणसाचे आरोग्याचे ज्ञान मोठ्या प्रमाणात कानावर पडत जाते: घरात मामाच्या साखरेची चर्चा, आगगाडीत शेजाऱ्याचे बायपासचे पुराण, रेडिओवरची क्षयरोगाची जाहिरात. बहुसंख्य बधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि ज्या घरात कुणी त्यांची भाषा शिकले नाही तिथे जेवणाच्या ताटावरचे हे सगळे बोलणे त्यांच्या डोक्यावरून जाते. ‘घरात कुणाला हृदयविकार आहे का?’ या प्रश्नाला बधिर रुग्णाने ‘नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मला कुणी सांगितले नाही’ एवढाच असतो. कुटुंबाचा इतिहास घेताना हा फरक ध्यानात न ठेवणारा डॉक्टर धोक्याचा अंदाज चुकवणारच.

मान डोलावण्याबद्दल दोन शब्द. समजले का, असे विचारले की बधिर रुग्ण मान डोलावतो. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरचा वैताग पाहून त्याने ही मान डोलावणे शिकलेले असते. उपाय साधा: रुग्णाला उलट सांगायला लावायचे. गोळी कोणती, कधी, जेवणाआधी की नंतर, हे त्याने हातांनी करून दाखवले तरच समजले असे धरायचे. संमतिपत्रालाही हाच न्याय. मराठी मजकुराखाली सही आहे म्हणून संमती आहे, असे न्यायालयात म्हणता येईल; रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ते म्हणवत नाही.

हात, डोळे आणि इतर शरीरज्ञान

बधिर रुग्णाचा विषय आला की कान-नाक-घसा विभागाकडे बोट दाखवायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक विभागात येतो, आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरला काही निराळे माहीत असावे लागते.

सलाइनची सुई कोणत्या हाताला लावायची, हा बधिर रुग्णाच्या बाबतीत संवादाचा प्रश्न आहे. ज्या हाताने तो मुख्यतः खुणा करतो त्याच्या मनगटात सुई आणि फळी बांधली की त्याचे अर्धे बोलणे बंद. अतिदक्षता विभागात दोन्ही हात बांधणे म्हणजे तोंडात बोळा कोंबणे. सिझेरियनच्या टेबलावर तोंडासमोर ओढलेला पडदा, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची पट्टी, भुलीपूर्वी काढून ठेवलेला चष्मा, क्ष-किरण खोलीत माइकवरून येणारी ‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही सूचना, पाठीमागे उभे राहून छाती तपासताना मागितलेला खोल श्वास या प्रत्येक ठिकाणी संवाद तुटतो. आणि खूण आधी ठरवून घेतली तर यांतल्या प्रत्येक ठिकाणी तो शाबूत राहतो: खांद्यावर एकदा थाप म्हणजे श्वास घ्या, दोनदा म्हणजे सोडा. एमआरआयच्या खोलीत तर श्रवणयंत्र नेताच येत नाही आणि कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये चुंबक असते. तेव्हा सगळे बोलणे बाहेरच उरकावे लागते.

जन्मजात बधिरत्व काही वेळा एकटे येत नाही. बधिर मुलाला रात्री दिसत नसेल तर अशर सिंड्रोमचा विचार करायला हवा. त्यात दृष्टीचे क्षेत्र आकसत जाते, आणि अशा रुग्णाशी खुणा करताना हात छातीसमोरच्या लहान चौकटीत ठेवावे लागतात. बधिर मूल खेळताना किंवा दचकून बेशुद्ध पडत असेल तर फिट येते म्हणून औषध सुरू करण्याआधी ईसीजी काढावा. जर्व्हेल आणि लँग-नील्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात बधिरत्वाबरोबर हृदयाच्या विद्युत्प्रवाहात दोष असतो आणि तो जीव घेतो. गळ्याशी गलगंड, लघवीत रक्त या खुणांमागेही बधिरत्वाशी जोडलेले विकार असू शकतात. थोडी उरलेली श्रवणशक्ती जेंटामायसिनसारख्या औषधाने जाऊ शकते, आणि ‘हा तर बहिराच आहे’ म्हणून ते बेफिकीरपणे देणे अक्षम्य आहे.

मनोविकारशास्त्रात गफलतीला सर्वाधिक वाव आहे. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. भुवया, गाल, मान, धड सगळे बोलण्यात सामील असते. ते न जाणणाऱ्या डॉक्टरला बोलका बधिर माणूस उत्तेजित वाटतो, आणि ज्याची भाषाच बालपणी हिरावली गेली तो मतिमंद. उलट, ज्याचे हावभाव खरोखर सपाट झाले आहेत त्याचे नैराश्य नजरेतून सुटते. मेंदूच्या डाव्या अर्धगोलात पक्षाघात झाला तर बधिर माणसाची सांकेतिक भाषा विस्कळीत होऊ शकते, हे पॉइझ्नर, क्लिमा आणि बेलुगी यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. हात हलतो, पण वाक्य जुळत नाही. हे ओळखायला सांकेतिक भाषा जाणणारा माणूस खोलीत असावा लागतो. एक गोष्ट मात्र बधिर रुग्णाच्या बाजूची आहे. वेदना कुठून निघाली, कुठे सरकली, ठणकते की पिळवटते, हे तो हातांनी अवकाशात असे रेखाटतो की पाहणाऱ्याला वेदनेचा नकाशाच मिळतो. पाहायला शिकलेल्या डॉक्टरला.

रॉचेस्टरचे उलटे रुग्णालय

हे सारे व्याख्यानात सांगता येईल, पण व्याख्यानाने हात वळत नाही. म्हणून अनुभवाधारित शिक्षण आले. त्यातला सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत निकामी प्रकार म्हणजे विद्यार्थ्यांच्या कानात बोळे घालून त्यांना तासभर फिरवणे. त्यातून विद्यार्थ्याला कळते ते स्वतःचे बावरणे. पंचवीस वर्षे बधिर म्हणून जगलेला, भाषा असलेला, मित्र असलेला, नोकरी करणारा माणूस त्यातून कळत नाही. उलट बहिरेपण म्हणजे भयंकर काहीतरी, ही दयाबुद्धी पक्की होते.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 1998 मध्ये दुसरी वाट काढली. रॉचेस्टर हे तसे या कामाला अनुकूल गाव. बधिरांची शाळा तिथे 1876 पासून आहे, बधिरांसाठीची राष्ट्रीय तंत्रसंस्था 1968 पासून. गावात बधिर रहिवासी मोठ्या संख्येने. महाविद्यालयाच्या स्ट्राँग मेमोरिअल रुग्णालयाच्या नावावरून या उपक्रमाला ‘डेफ स्ट्राँग हॉस्पिटल’ असे नाव पडले. एक दिवस भूमिका उलटतात. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी रुग्ण होतात. स्वागतकक्षातले कर्मचारी, डॉक्टर, औषधविक्रेते होतात गावातले बधिर स्वयंसेवक. बोलायला बंदी, सगळा व्यवहार सांकेतिक भाषेत. नाव पुकारले गेले तरी विद्यार्थ्याला ते आपले नाव आहे हे कळत नाही. डॉक्टर काय विचारतोय कळत नाही, आणि डॉक्टर वैतागलेला मात्र स्पष्ट दिसतो. नंतर स्वयंसेवकांसह चर्चा होते.

या प्रयोगाची ताकद कशात आहे हे नीट पाहिले पाहिजे, कारण नक्कल करताना नेमके तेच गळून पडते. विद्यार्थ्याचे कान इथे शाबूत असतात. त्याच्याकडून काढून घेतलेली असते ती संस्थेची भाषा. ज्या भाषेत रुग्णालय चालते ती न येणारा माणूस किती लवकर अडाणी ठरतो, हे त्याला स्वतःवरून कळते. बधिर माणूस त्या दिवशी तज्ज्ञ असतो, टेबलाच्या पलीकडे बसलेला. सत्तेची ही उलटापालट हा खरा धडा आहे. बधिर स्वयंसेवक वगळून ऐकणाऱ्या प्राध्यापकांनीच हा खेळ केला, तर उरते ती स्नेहसंमेलनातली नाटिका.

तरीही एक दिवस तो एकच दिवस. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने निवडक वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषा आणि बधिर समाजाचा परिचय यांचे दीर्घ प्रशिक्षण चालवले. त्यातून तयार झालेले विद्यार्थी बधिर संस्कृतीविषयीच्या चाचणीत प्रशिक्षण नसलेल्या अध्यापकांपेक्षा सरस ठरले, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. अध्यापकांना हे जरा झोंबले असावे. पॅरिसच्या पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. झाँ दाग्राँ यांनी 1995 मध्ये एचआयव्हीच्या पार्श्वभूमीवर सांकेतिक भाषेतली ओपीडी सुरू केली आणि पुढे फ्रान्सच्या इतर शहरांतही अशी केंद्रे निघाली. विद्यार्थ्याला रोज पाहायला मिळणारी अशी जागा असली, तर वेगळ्या नाटिकेची गरज उरत नाही.

रॉचेस्टरमधून आलेली आणखी एक गोष्ट संशोधनाची आहे. अमेरिकेत लोकांच्या आरोग्याचे सर्वेक्षण दूरध्वनीवरून होई, त्यामुळे सांकेतिक भाषा बोलणारे त्यात जवळजवळ नसतच. 2008 मध्ये तिथल्या केंद्राने प्रश्नावलीच सांकेतिक भाषेत, संगणकाच्या पडद्यावर तयार केली. निष्कर्ष: धूम्रपान सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी, लठ्ठपणा, जोडीदाराकडून होणारी मारहाण आणि आत्महत्येचे प्रयत्न अधिक. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कुणीही रुग्ण नवऱ्यासमोर किंवा शाळकरी मुलासमोर सांगणार नाही, आणि डॉक्टरने दुभाषी म्हणून खोलीत घेतलेला असतो तो नेमका नवरा किंवा मुलगा.

आपल्याकडे

कायद्याच्या बाजूने आपण गरीब नाही. 2016 च्या अधिनियमाचे कलम 47 डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्वाचा समावेश करायला सांगते. 2019 पासून एमबीबीएसला नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आहे आणि त्यात वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचा स्वतंत्र घटक आहे. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये स्थापन झाले; त्याच्या शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार नोंदी झाल्या, त्यांत वैद्यकीय संज्ञाही आहेत. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून उभी आहे, आणि मुंबईतली बधिरांची शाळा 1880 च्या दशकातली, देशातली पहिली. म्हणजे शिकवणारी माणसे, भाषा, कोश, कायदा सगळे इथे आहे.

नाही ते एवढेच की हे परीक्षेत विचारले जात नाही. आपला विद्यार्थी जे गुणांत धरले जाते तेच शिकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, प्रवेशपरीक्षेपासून आपणच त्याला तसे घडवले. म्हणून माझा प्रस्ताव अगदी मर्यादित आहे. पहिल्या वर्षी सांकेतिक भाषेची तोंडओळख, बधिर शिक्षकांकडून, मानधन देऊन. हे शिकून विद्यार्थी दुभाषी होणार नाही, व्हायचेही नाही. अभिवादन, दुखणे, कधीपासून, थांबा, दुभाषी येतोय, एवढे त्याला हातांनी सांगता आले तरी वॉर्डातले वातावरण बदलते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुभाष्याबरोबर काम करण्याचा सराव: त्याला रुग्णाशेजारी नव्हे तर स्वतःशेजारी उभे करायचे, बोलताना पाहायचे रुग्णाकडे, ‘त्यांना विचारा’ असे न म्हणता थेट ‘तुम्हाला’ म्हणायचे. जिल्ह्याच्या गावी दुभाषी नसेल तर व्हिडिओवरून. आणि अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात लाँग केस, शॉर्ट केसच्या बरोबरीने एक स्टेशन, जिथे रुग्ण बधिर असेल आणि गुण देणाऱ्यांत तोही असेल. हे काम डॉक्टरांपुरते ठेवून भागणार नाही. केसपेपर काढणारा कारकून, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांच्याशी रुग्णाचा संबंध डॉक्टरपेक्षा जास्त येतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. सरकारी ओपीडीत एका सकाळी शेकडो रुग्ण. एका बधिर रुग्णासाठी तिप्पट वेळ कुठून आणायचा? पण चुकलेल्या मात्रेमुळे तोच रुग्ण पुन्हा दाखल होतो तेव्हा जाणारा वेळ या हिशेबात कुणी धरत नाही. बधिर रुग्णाच्या केसपेपरवर ठळक शिक्का आणि त्याच्यासाठी दुहेरी वेळ, एवढी तरतूद अधीक्षकाच्या एका परिपत्रकाने होऊ शकते.

बधिर डॉक्टर हा या विषयाचा उरलेला भाग. मिशिगन विद्यापीठातले फिलिप झॅझोव्ह यांच्यासारखे बधिर डॉक्टर अमेरिकेत कित्येक वर्षे प्रॅक्टिस, अध्यापन आणि संशोधन करत आहेत. आपल्याकडे श्रवणदोष किंवा वाचादोष असलेल्या उमेदवाराला प्रवेशाच्या दारातच टक्केवारीवर अडवले जाई. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या, वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावे लागेल. या दारातून उद्या बधिर विद्यार्थी आत आले की शेजारच्या बाकावरच्यांचे निम्मे प्रशिक्षण वर्गातच होईल.

तोवर परीक्षेतले ते एक स्टेशन नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि वैद्यकीय आयोगाने मनावर घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम 47 ज्या अधिनियमात आहे, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे.